शनिवारी उसवलेली लोकर

माणसाचे हात बघून त्याला कुठलं काम द्यायचं हे सांगणारी बाई मी उभ्या आयुष्यात एकच बघितली. रूल्फीन ओस्टिंग तिचं नाव. तोंडाकडे ती बघतच नसे. नवा पेशंट आला, त्याचे हात खिशात असले, की म्हणायची, "काढा बघू बाहेर. मी चावत नाही." मग ते हात आपल्या हातात घेऊन उलटेपालटे करायची, बाजारात बटाटे पारखावेत तसे.

मी एकदा तिला लग्नाचंही विचारलं होतं. सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने लपवलं. तेव्हा मी तिशीचा होतो आणि अंगात नवा कोट होता. तिने माझेही हात उलटेपालटे केले आणि म्हणाली, "हार्म, तुला बायको नको रे, वेत हवा. खुर्च्या वीण." आणि मी खरंच विणल्या. एकतीस वर्षं. आमच्या ड्रेन्थे प्रांतातल्या माळावर जे वेड्यांचं मोठं घर होतं, त्याच्या पुरुषांच्या बाजूला वेतकामाची खोली होती, तिचा मी मुकादम. बायको पुढे मिळाली, पण ती गोष्ट निराळी.

रूल्फीन काळ्या जळाऊ मातीच्या वड्या कापणाऱ्या माणसाची मुलगी. शाळा माझ्याइतकीच, चार इयत्ता आणि मास्तरची छडी. सोळाव्या वर्षी ती मोठ्या घराच्या धुलाईघरात लागली. तेव्हा तिथे उपचार म्हणजे काय होते? झोपवायचं. सकाळी झोपवायचं, दुपारी झोपवायचं, फार ओरडला तर कोमट पाण्याच्या हौदात बसवून वरून कापड ताणायचं. पाच-पाच वर्षं माणसं नुसती पडून. मग डॉक्टर स्मेडिंग आले. उंच, काटकुळा माणूस, चालताना हात पाठीमागे. त्यांनी सांगितलं, पलंग पुरे, आता कामाचं औषध. ज्याला जे जमेल ते काम, रोज, ठरल्या वेळी. सगळ्या सिस्टरांनी नाकं मुरडली. धुलाईघरातून रूल्फीन वर आली आणि म्हणाली, "मला द्या बायकांची खोली. काम म्हणजे काय ते मला ठाऊक आहे."

तिच्या गोष्टी सांगायच्या तर रविवार पुरणार नाही. एक शाळामास्तर होते आमच्याकडे. दोन्ही हात पुढे ताणून भिंतीशी उभे राहायचे. हात खाली आले की समुद्राचा बांध फुटेल आणि अख्खा देश बुडेल असा त्यांचा हिशोब. जेवायला बसत नसत, झोपत नसत. चार जणांनी हात खाली दाबले की लहान मुलासारखे रडत. रूल्फीन गेली आणि त्यांच्या ताणलेल्या हातांवर लोकरीची लड चढवली. "मास्तर, हात खाली आणू नका हं, गुंता होईल," म्हणाली, आणि समोर बसून गुंडा करायला लागली. गुंडा संपला तसे मास्तर म्हणाले, "आता?" ती म्हणाली, "आता पुढची लड येईपर्यंत बांध मी धरते. तुम्ही सूप प्या." आणि ते प्यायले! वाटाण्याचं घट्ट सूप, दोन वाडगे. पुढे सहा वर्षं बायकांच्या खोलीतली सगळी लोकर मास्तरांच्या हातांवर चढली. देश काही बुडाला नाही.

पण मी सांगायला बसलोय ते हे नव्हे. हे गोड म्हणून आधी आलं.

युद्ध संपलं आणि लोकर संपली. सगळं कुपनावर. धडधाकट माणसाला अंगावर घालायला मिळेना, तर आमच्या बायकांना सुयांवर चढवायला कोण देणार? बायकांच्या खोलीत बावीस जणी विणायला बसायच्या. तुम्ही बाहेरून गेलात तर बावीस जोड्या सुयांचा आवाज यायचा, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. तो आवाज थांबला की दोन दिवसांत काय होतं ते आम्ही पाहिलं होतं. कुणी नखांनी गाल ओरबाडायची, कुणी परत पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करायची.

डॉक्टर म्हणाले, "हातांतून काय निघतं ते महत्त्वाचं नाही, सिस्टर. हात चालले पाहिजेत."

रूल्फीनने ते शब्द घरी नेले, चार दिवस विचार केला आणि माझ्याकडे आली. "हार्म, शनिवारी दुपारी तू काय करतोस?"

"पाईप ओढतो."

"आता नाही ओढणार."

शनिवारी दुपारी आंघोळी असायच्या. बावीस जणी रांगेने न्हाणीघरात गेल्या की आम्ही दोघं त्यांच्या टोपल्या रिकाम्या करायचो. आठवड्याभराचे पायमोजे, मफलर, टोप्या, सगळं उसवायचं. मी खुर्च्यांच्या पाठीवर लडी गुंडाळायचो, त्या भिजवायच्या, खाली बटाट्याची पिशवी अडकवून टांगायच्या, म्हणजे धाग्यातली वळणं जातात. रविवारी सगळे चर्चमध्ये असताना त्या बॉयलरच्या खोलीत वाळायच्या. सोमवारी सकाळी नवी लोकर!

सुरुवातीला मला हसू यायचं. तोच मोजा मी अकरा वेळा उसवला असेन. एक बाई टाच फार घट्ट विणायची, तिचा धागा मला डोळे मिटून ओळखू यायचा. पण रूल्फीन हसत नसे.

"त्या विचारतात," ती म्हणाली.

"काय विचारतात?"

"माल कुठे जातो म्हणून."

"मग तू काय सांगतेस?"

"रॉटरडॅमला. बॉम्ब पडून घरं गेली त्या मुलांना."

मी म्हटलं, "वा! चांगलं सुचलं." आणि तेव्हा खरंच मला ते चांगलंच वाटलं. बायका तर फुलल्या. ऐंशी वर्षांची ग्रीटआजी होती, तिने तर मुलांची नावं ठेवली. पीट, त्याची छाती कफाने भरलेली. कोरी, तिचे पाय लांब. "पीटला जाड मफलर लागेल," म्हणायची, "सिस्टर, पीटला बरं आहे का आता?" आणि रूल्फीन म्हणायची, "आहे की, आजी." असं दीड वर्ष चाललं.

त्या बावीस जणींत एक होती लामिना बीकमान. हिच्यासाठी ही सगळी गोष्ट.

लामिना होडीवरची बाई. आमच्या कालव्यांतून जळाऊ माती वाहून नेणाऱ्या लांब होड्या चालत, त्यांतलीच एक तिच्या नवऱ्याची. तिथेच चूल, तिथेच पाळणा. त्रेचाळीस साली ती कपडे वाळत घालत असताना तिचा तीन वर्षांचा मुलगा होडीवरून कालव्यात पडला. काढला तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवसापासून तिची वाचा बसली आणि हात सुटले. सुटले म्हणजे, एकमेकांना पिळत राहिले. ओलं कापड पिळावं तसे. कातडी जायची, रक्त यायचं, मग हातांवर जाड पिशव्या बांधायच्या. थोरली मुलगी फेम्मी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला मावशीकडे ठेवली, नवरा होडीवर एकटा.

रूल्फीनने तिचे हात पहिल्यांदा बघितले. मग मला म्हणाली, "हे हात पिळत नाहीयेत रे. काहीतरी घट्ट धरून ठेवतायत." तिने एका हातात एक सुई दिली. नुसती सुई. दोन महिने. मग दुसरी. मग एक टाका. अकरा महिन्यांनी लामिनाने एक अख्खी ओळ विणली, आणि रूल्फीन माझ्या खोलीत येऊन वेताच्या ढिगावर बसून रडली. मी म्हटलं, "अगं, वेत ओला होईल." तशी रडता रडता हसली.

शेहेचाळीसच्या शेवटी लामिना बोलायलाही लागली. थोडंच. डॉक्टरांनी तिच्यासमोर रूल्फीनला सांगितलं, "एक काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत हिने एकटीने पुरं करून दाखवावं. मग ईस्टरला मी हिला घरी सोडतो. रजेवर." डॉक्टरांचा तो नियमच होता. पुरं झालेलं काम टेबलावर दिसलं पाहिजे.

लामिना म्हणाली, "फेम्मीचा स्वेटर."

आधी हात बसावा म्हणून तिने फेम्मीसाठी लांब पायमोजे विणले. ते उसवायचे नाहीत, मुलीकडे पाठवायचे, असं रूल्फीनने ठरवलं आणि कपाटात वेगळे ठेवले. मग स्वेटर सुरू झाला, करड्या लोकरीचा. पाठ झाली, पोट झालं, एक बाही झाली.

आता तो सत्तेचाळीसचा हिवाळा. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. आठवडेच्या आठवडे कालवे दगडासारखे. होड्या जागच्या जागी चिकटल्या, टपाल थांबलं. फेम्मीचे मोजे कपाटातच राहिले. आणि लामिनाने विचारलं तेव्हा रूल्फीन सवयीने म्हणून गेली, "गेले गं."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रूल्फीनने ते मोजे माझ्यासमोर ठेवले. "उसव."

"हे? हे तर होडीवालीच्या पोरीचे ना?"

"दुसऱ्या बाहीला लोकर नाही, हार्म. कुठेच नाही. ईस्टर सहा आठवड्यांवर आलाय. स्वेटर पुरा झाला तर ती घरी जाईल, मग पोरीला शंभर मोजे विणेल."

"आणि तिला कळलं तर?"

"करड्या लोकरीला काय तोंड असतं?"

मी उसवले. उसवताना धाग्याबरोबर एक केस आला. लांब, लालसर, माझ्या हातभर. रूल्फीनचे केस काळे होते हे मला ठाऊक होतं, पण मी विचार केला नाही. फुंकर मारून उडवला आणि लड भिजवायला गेलो. त्या फुंकरीचं मला आजही वाईट वाटतं.

होडीवरच्या बायकांत एक रीत असते, आम्हा माळावरच्यांना ती माहीत नव्हती. मुलासाठी काही विणलं तर पहिल्या ओळीत धाग्याबरोबर आईने आपला एक केस विणायचा. म्हणजे पाण्याला कळतं की हे पोर कुणाचं आहे, आणि पाणी त्याला ठेवून घेत नाही. दोन मोजे, दोन केस. मी एक उडवला होता. दुसरा लडीत होता.

सोमवारी लामिनाने दुसऱ्या बाहीचे बारा टाके घातले आणि थांबली. मी तेव्हा मोडकी खुर्ची पोचवायला बायकांच्या खोलीत गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. तिने गुंड्यातून केस ओढून काढला. हळूच, तुटू नये असा. उठली, रूल्फीनच्या टेबलाशी गेली आणि तो टेबलावर सरळ करून ठेवला. शेजारी वेणी सोडून आपलाच एक केस ठेवला.

"सिस्टर, हा माझा आहे."

रूल्फीनने दोन्ही केस जवळून बघितले.

"हा फेम्मीच्या मोज्यात होता. फेम्मी बर्फावर खेळते. मोजे कुठायत?"

सांगता आलं असतं काहीही. केस गळतात, लोकरीला चिकटतात. मी मनात म्हणत होतो, सांग गं, सांग काहीतरी, दीड वर्ष सांगत आलीस ना. पण लामिना पुढे बोलली, "धाकट्याच्या अंगात त्या दिवशी दुसऱ्याचा स्वेटर होता. मागून आणलेला. त्यात माझा केस नव्हता."

तेव्हा रूल्फीन उभी राहिली. एप्रन सरळ केला. "मोजे गेले नाहीत, लामिना. मी उसवले. तुझ्या या बाहीसाठी."

खोलीतल्या सगळ्या सुया थांबल्या.

कोपऱ्यातून ग्रीटआजी म्हणाली, "तिचेच ना? आमचे तर रॉटरडॅमला गेले."

"नाही, आजी. कुणाचेच गेले नाहीत. दर शनिवारी आम्ही उसवतो. लोकरच नाहीये."

"आणि पीट?"

"पीट नाही, आजी."

"नाही म्हणजे? गेला? छातीनेच गेला ना? मी म्हणत होते, जाड मफलर हवा."

"पीट कधी नव्हताच, आजी."

म्हातारीने हातातलं तपकिरी विणकाम बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. "अगं बाई," म्हणाली. "मग मी एवढी घाई कुणासाठी करत होते?"

नऊ दिवस त्या खोलीत सुई वाजली नाही. एकीने चादरी फाडल्या. दोघींना परत पलंगावर न्यावं लागलं. ग्रीटआजी कुणावर रागावली नाही, ओरडली नाही, नुसती जेवायची थांबली. चमचा पुढे केला की म्हणायची, "नको, कुणाला तरी द्या." मार्चमध्ये ती गेली. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. डॉक्टरही म्हणाले. रूल्फीन तसं कधी म्हणाली नाही.

डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. मी दाराबाहेर खुर्च्या मोजत होतो, म्हणजे ऐकत होतो.

"सिस्टर, काम नीट चाललं होतं. सांगायची काय गरज होती?"

"तिने विचारलं, डॉक्टरसाहेब."

"त्या रोज विचारायच्या. रोज तुम्ही उत्तर देत होता."

"हो," रूल्फीन म्हणाली. "तेच."

"सत्य ही तुमची चैन झाली. त्याची किंमत त्या मोजतायत."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनीच शेकडो माणसांना पलंगावरून उठवलं होतं.

लामिनाचे हात पुन्हा पिळायला लागले. पिशव्या काढून ठेवल्या होत्या, त्या परत बांधायच्या गोष्टी सुरू झाल्या. मी रूल्फीनला म्हटलं, "एकच बाही राहिलीय ना? तूच वीण. दोन दिवसांत होईल. ईस्टरला टेबलावर ठेव. डॉक्टर काय टाके ओळखतात?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाईप पेटवायचं सोडून दिलं. पण सुया तिने हातात घेतल्या होत्या हे मी बघितलं. खूप वेळ घेऊन बसली होती. मग ठेवल्या.

ती गेली लामिनाकडे. पलंगाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "आता मी काय करू ते तूच सांग."

लामिनाने तिच्याकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "स्वेटर ने. जसा आहे तसा. त्यात माझा केस आहे. तिच्या अंगात घाल आणि मला येऊन सांग. जे बघशील तेच सांग."

फेम्मीच्या मावशीचं घर कालव्याने चौदा किलोमीटर. गाड्या बंद, रस्ते बर्फाने बुजलेले. रूल्फीनने रविवारी सकाळी चर्च बुडवलं, लाकडी स्केट्स पायांना बांधले, एका बाहीचा स्वेटर कोटात कोंबला आणि निघाली. अडतीस वर्षांची बाई, वारा समोरून. चर्चमध्ये पाद्रीबुवांनी तिची रिकामी जागा बघितली आणि गावाने आठवडाभर चघळली.

संध्याकाळी उजेड असताना परतली. भुवयांवर बर्फ. कोट न काढता लामिनासमोर उभी राहिली. मी चिकोरीची कॉफी घेऊन मागे.

"बसला?" लामिनाने विचारलं.

"नाही."

"बाही नाही म्हणून?"

"डोकंच आत जाईना. लामिना, तू सहा वर्षांच्या मुलीचा विणलास. ती नऊ वर्षांची आहे."

आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं हे! डॉक्टरांना नाही, रूल्फीनला नाही, मला नाही. स्वेटर सगळे बघत होतो, टाके किती सरळ म्हणून कौतुक करत होतो. पोरीचं माप कुणी विचारलं नव्हतं. लामिनाच्या मनात फेम्मी त्या दिवशी होती तेवढीच थांबली होती.

"केवढी आहे?" लामिना म्हणाली. आवाज अगदी बारीक.

रूल्फीनने खिशातून धागा काढला. त्याला गाठी मारलेल्या. "ही छाती. इथून इथे हात. ही पाठ. मी तिला उभी करून मापं घेतली. मला म्हणाली, गुदगुल्या होतात."

लामिनाने धागा बोटांतून सरकवला. एक गाठ, दुसरी गाठ. छातीच्या मापाचा फास करून स्वतःसमोर हवेत धरला, जणू आत कुणी उभं आहे. मग एकदम मान वर केली.

"आणि आता ती बर्फावर कशी? अंगात काय आहे तिच्या?"

"स्वेटरच्या पहिल्या ओळीतून तुझा केस मी ओढून काढला. तिच्या वेणीत विणलाय."

"कुठल्या वेणीत?"

"डाव्या."

"डावी ती आधी सोडते! उजवीत विणायचा. एवढं कळत नाही?"

रूल्फीन म्हणाली, "चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी लामिना खोलीत आली, खुर्ची ओढली, स्वेटर मांडीवर घेतला आणि गळ्याचा धागा शोधला. "हात पुढे कर," ती रूल्फीनला म्हणाली. रूल्फीनने मास्तरांसारखे दोन्ही हात ताणले, आणि लामिना उसवायला लागली. सरसर सरसर. हिवाळाभराचं काम. बाकीच्या जणी बघत होत्या. उसवताना त्यांना पहिल्यांदाच कुणी दिसत होतं.

आणि नेमके तेव्हाच डॉक्टर फेरीवर आले. हात पाठीमागे.

त्यांनी काय बघितलं? पुऱ्या होत आलेल्या कामाच्या चिंध्या करणारी पेशंट आणि तिला हात देणारी सिस्टर.

"डॉक्टरसाहेब, तो लहान होतोय, म्हणून," रूल्फीन म्हणाली. हात तसेच ताणलेले. खाली कसे आणणार, गुंता झाला असता.

"मला दिसतंय, सिस्टर."

"नवं माप मी आणलंय, ती पुन्हा विणणार आहे."

"काम पुरं करायचं ठरलं होतं. हे मोडणं आहे." ते काही ओरडले नाहीत. वहीत लिहिलं आणि गेले. काय लिहिलं ते पुढे कळलं. स्वतःच्या कामाचा नाश केला, रजा स्थगित. आणि एक एप्रिलपासून सिस्टर ओस्टिंग यांची बदली धुलाईघरात.

ईस्टरला लामिनाचा नवरा आला. बर्फ वितळलं होतं, होडी फाटकापर्यंत आणली होती, धुऊन-पुसून. फाटकावर त्याला सांगितलं, या वेळी नाही. तो बिचारा टोपी हातात घेऊन तासभर उभा राहिला आणि होडी वळवून गेला. लामिना खिडकीत होती. मला वाटलं, आता संपलं. तिने त्याला बघितलं, हात एकमेकांत गेले, आणि पुन्हा सुटे झाले. सुया उचलल्या.

बायकांच्या खोलीत नवी सिस्टर आली, रीतसर शिकलेली. शनिवारचं उसवणं सुरूच राहिलं, लोकर काही आकाशातून पडली नव्हती. पण आता आंघोळीच्या आधी, सगळ्यांसमोर, जिचं तिने. मी लडी गुंडाळायचो तेव्हा लामिना माझ्या डोक्याशी उभी राहून बघायची. "केस आला तर ठेव," म्हणायची. "फुंकू नको." मी कधी सांगितलं नव्हतं तिला फुंकल्याचं. तिला कसं कळलं, देव जाणे.

नऊ वर्षांच्या पोरीला सहा वर्षांच्या पोरीच्या मापाची लोकर पुरत नाही, हा साधा हिशोब. अंग झालं, बाह्यांना काही उरलं नाही. ग्रीटआजीच्या टोपलीत तिचं अर्धं तपकिरी विणकाम तसंच पडून होतं, पीटचा मफलर. त्याला कुणी हात लावत नव्हतं. एका शनिवारी सगळ्या जणींनी मिळून ते लामिनाच्या मांडीवर आणून ठेवलं. तिने उसवलं.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांच्या टेबलावर स्वेटर आला. अंग करडं, बाह्या तपकिरी. त्यांनी तो उलटा करून शिवणी बघितल्या आणि कागदावर सही केली. सहा महिन्यांची रजा. लामिना त्यानंतर दोनदा परत आली हेही सांगतो, म्हणजे कुणी परीकथा समजायला नको. तिसऱ्यांदा गेली ती मात्र होडीवरच राहिली.

ऑक्टोबरात ती पहिल्यांदा निघाली तेव्हा नवरा फाटकाशी थांबला होता, पण ती आधी मागे वळली, धुलाईघराकडे. मी तिचं गाठोडं धरून बरोबर. आत वाफ, साबणाचा वास, आणि रूल्फीन चादरी पिळत होती. पुढे पेन्शनीत निघेपर्यंत ती तिथेच होती. बायकांच्या खोलीत परत कधी गेली नाही. नंतरच्या डॉक्टरांनी बोलावलं तरी नाही. म्हणायची, "माझे हात आता पाण्याचे झाले."

लामिनाने स्वेटर तिच्यासमोर धरला. "बघ."

रूल्फीनने ओले हात एप्रनला कोरडे केले. खालची पहिली ओळ बोटांनी चाचपली, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एका जागी बोट थांबलं. मग बाह्या एकमेकींना लावून बघितल्या.

"सांगू?"

"जे आहे ते सांग."

"उजवी बाही लांब झालीय. चांगली चार बोटं."

मी मनात कपाळाला हात लावला. ही बाई बदलायची नाही!

"झाली नाही, केलीय," लामिना म्हणाली. "बर्फावर पोरीचा हात सुटतो. बाही लांब असली की धरून ओढता येतं."

रूल्फीनने ती लांब बाही मुठीत धरली आणि एकदा ओढून बघितली. टाके ताणले, सुटले नाहीत. तिने स्वेटरची घडी घातली, लामिनाच्या हातांत दिली, आणि ते हात थोडा वेळ तसेच धरून ठेवले. उलटेपालटे मात्र केले नाहीत.